शशिधरच्या पोटातली ताई

लिही गं उर्वी, आणि मी बोलते तस्संच लिही, शाळेतल्यासारखं नीटनेटकं करू नकोस.

आपल्या मागच्या रस्त्यावरची प्रमोदिनी तुला माहितीये. हॉल ग्रीनच्या त्या शाळेत डिनर लेडी आहे ती, पोरांना दुपारचं जेवण वाढते. डोक्यावर जाळी, अंगात निळा एप्रन, आणि हातात कस्टर्डचा डाव. पोरं तिला मिसेस पी म्हणतात. कोणतं पोर मटार ताटाखाली लपवतं नि कोणतं पोर घरून उपाशी येतं, हे तिला बरोबर कळतं. बाई कष्टाळू, हाताला चव, बोलायला गोड. पण एका माणसाचं नाव काढलं की तिच्या ओठांची अशी बारीक रेघ व्हायची. ते माणूस म्हणजे तिची नणंद, कार्डिफची उल्का.

आता नणंद-भावजयीत थोडंफार चालतंच. पण हिचं तसलं नव्हतं. साडीवरून नाही, सासूच्या पाटल्यांवरून नाही. हिची नणंद तिच्या नवऱ्याच्या पोटात जाऊन बसली होती.

हसू नकोस, खरंच सांगते.

प्रमोदिनीचा नवरा शशिधर. बस चालवायचा इथे बर्मिंगहॅमात. अबोल माणूस, कुणाचं वाकडं करणार नाही. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि तो डायलिसिसवर आला. आठवड्यातून तीनदा जायचं, हातात दोन जाड सुया टोचून घ्यायच्या, नि चार-चार तास त्या मशीनला बांधून बसायचं. तेव्हा प्रमोदिनीच पहिली उभी राहिली, माझी घ्या म्हणून. सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त जुळलं, सगळं जुळलं, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, तुम्हाला साखरेचं दुखणं लागायच्या बेतात आहे, तुमची नाही घेता येणार. हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये गाडीत बसून रडली ती. तोवर उल्कानं कार्डिफहून फोन केला, "शशी, माझी घे." झालं. जुळली, दिली, बसवली. पोटात उजव्या बाजूला, खाली, जांघेच्या वर. जुन्या किडन्या काढत नाहीत म्हणे, तिसरी अशी पुढच्या बाजूला बसवतात.

आणि त्या किडनीला शशिधर म्हणायला लागला 'ताई'. मोठ्या बहिणीची म्हणून ताई. सकाळी उठून पोटावर हात ठेवून, "काय ताई, झोप झाली का?" पाणी प्यायला की, "ताईला दिलं हं." उल्काचा फोन आला की तिचं पहिलं वाक्य, "आमची धाकटी ताई काय म्हणते?" आणि मग दोघं बहीण-भाऊ खदाखदा हसणार.

प्रमोदिनीही हसायची. न हसून सांगते कुणाला?

भाऊबीजेला तर कहर. उल्का कार्डिफहून यायची, भावाला ओवाळायची, आणि मग तेच तबक खाली आणून त्याच्या पोटाला ओवाळायची. "हिलाही ओवाळते, हिनंच तर तुला जिवंत ठेवलंय." सगळे टाळ्या वाजवायचे. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एकदा उल्काला स्टेजवर बोलावून शाल दिली. खाली तिसऱ्या रांगेत प्रमोदिनी बसलेली. तो मशीनवर होता तेव्हा, पोटॅशियम निघून जावं म्हणून बटाटे चिरून, भिजवून, उकळून, ते पाणी फेकून, परत उकळून त्याला घालणारी ती. टोमॅटो घरात न आणणारी ती. त्याच्या गोळ्यांची वेळ चुकू नये म्हणून लेकीच्या ग्रॅज्युएशनमध्ये सुद्धा पर्समध्ये गजर लावून बसणारी ती. बटाटे उकळल्याबद्दल शाल कोण देतं गं? तिनंही टाळ्या वाजवल्या, नि घरी येऊन भांडी अशी घासली की तव्याचा काळा रंग गेला.

मला म्हणायची, "मावशी, माझ्या घरात माझी सवत आहे. आणि ती पण माझ्या नवऱ्याची बहीण. सांगू तरी कुणाला?"

मी म्हटलं, "अगं, उल्कानं जीव वाचवला ना त्याचा?"

"तेच तर! म्हणून तर वाईटही बोलता येत नाही!"

तर ती ताई नऊ वर्षं चालली. मग दमली. हळूहळू काम सोडलं तिनं आणि शशिधर पुन्हा मशीनवर आला. पण बंद पडलेली किडनी काही लगेच काढत नाहीत. त्रास देत नसेल तर राहू देतात आतच, सुकलेल्या आवळ्यासारखी. ज्या गोळ्यांवर अंगाला गप्प ठेवतात ना, की ही किडनी दुसऱ्याची आहे हे अंगाला कळू नये म्हणून, त्या गोळ्या मग कमी-कमी करत आणतात. प्रमोदिनीला मनात वाटलं, देवा क्षमा कर, पण वाटलं, की चला, आता तरी ही ताई-ताई बंद होईल. कसली बंद होते! आता तर तो जास्तच हात ठेवून बसायला लागला. घरातलं कुणी आजारी असावं तसा.

आणि मग ताप सुरू झाला.

आधी नुसती कसर. संध्याकाळी अंग कोमट, तोंडाला चव नाही. मग रोजच संध्याकाळ झाली की ताप चढायचा, अंग थडथडायचं, दोन-दोन जाड ड्युवे पांघरले तरी. सकाळी उतरायचा, संध्याकाळी परत. पँट कमरेतून खाली यायला लागली. रक्त वाढायची इंजेक्शनं दिली तरी रक्त चढेना. डायलिसिसच्या युनिटमधल्या नर्सनी रक्त काढून तपासायला पाठवलं, कारण सुया टोचणाऱ्या माणसाला रक्तात जंतू जायची भीती पहिली. काही नाही. अँटिबायोटिक दिलं. ताप तसाच. शेवटी ॲडमिट केलं.

मग काय काय नाही तपासलं! हृदयाच्या झडपांवर जंतू बसले का, म्हणून घशातून नळी घालून बघितलं. आपल्या देशातनं आलेला म्हणून टीबी शोधला. छातीचा फोटो काढला. दात बघितले. हाताची फिस्टुला बघितली, जिथं सुया टोचतात ती. पोटही दाबून बघितलं प्रत्येक डॉक्टरनं. "दुखतंय?" शशिधर म्हणायचा, "फाइन, फाइन." जो तो लिहून जायचा, पोट ठीक.

त्यांची लेक तनया. इथंच जन्मलेली, कौन्सिलमध्ये नोकरीला, मोठी गोड पोर, पण तिचं मराठी तुझ्यासारखंच. ती यायची नि म्हणायची, "आई, डॉक्टर म्हणतो सगळी क्लियर आहे. मग बाबा एवढी गरम का आहे?"

"क्लियर म्हणजे बरं नाही गं बाई," प्रमोदिनी म्हणायची. "क्लियर म्हणजे सापडत नाहीये."

आणि सापडलं नाही तर माणूस जाणार, हे त्या घरात तिघांनाही कळत होतं. वजन तर दिसतच होतं डोळ्यांना. गाल आत गेलेले, गळ्यातली साखळी छातीवर नुसती लोंबायची.

आणि अशातही प्रमोदिनीचं मन कुठं होतं? सांगते. ॲडमिट व्हायच्या आधी घरी एका संध्याकाळी ती त्याचं अंग ओल्या फडक्यानं पुसत होती. छाती पुसली, पाठ पुसली, फडकं पोटाकडे उजव्या बाजूला आलं मात्र, त्यानं तिचं मनगट धरलं. घट्ट. "तिथं नको." एवढंच. लग्नाला पस्तीस वर्षं होत आली, माणसानं तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, आणि त्या दिवशी चढवला. परत दुसऱ्या दिवशी ब्लँकेट सारखं करताना हात लागला, तर परत ओरडला. पायजम्याची नाडी पण बेंबीखाली बांधायची सोडून पार डावीकडे नेली त्यानं. गाडीत बसला की सीट बेल्टच्या खाली हात. झोपला की तिथं हात.

बाईच्या डोक्यात आगच गेली. मेलेल्या किडनीला पण मी हात लावायचा नाही? एवढी बहीण लाडकी? मी नऊ वर्षं हिला पाणी मोजून घातलं, आणि मी परकी?

आपण म्हणतो ना, एखादीच्या पोटात दुखतं म्हणून? तसं तिचं पोट दुखत होतं. आणि त्या जळफळाटात तिच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली नाही, की नवऱ्याचं पोट खरोखरच दुखतंय.

तो लपवत होता गं. दाबल्यावर श्वास धरून ठेवायचा, नि वर "फाइन." का, तर दुखतंय म्हटलं तर डॉक्टर ती काढायला सांगतील. आणि उल्काताईला काय तोंड दाखवू? तिनं अंगातली काढून दिली, मी फेकून दिली असं होईल. असा विचार त्या भोळ्या माणसाचा. बायकोला सांगायचं म्हटलं तर तिच्या ओठांची रेघ त्याला नऊ वर्षं दिसत होती. तिला सांगितलं तर ती म्हणणार, काढाच. म्हणून तिलाही नाही.

तर एके सकाळी वॉर्डात डॉक्टर आली. मेगन म्हणून तरुण पोरगी होती, किडनीचीच डॉक्टर, सावकाश बोलायची. तनया कामावर, त्यामुळे प्रमोदिनी एकटी. आणि नेमका थोड्या वेळापूर्वी उल्काचा फोन येऊन गेला होता. "प्रमोदिनी, कपाळावर घड्या बदलतेस ना गं वेळेवर? नाहीतर मी येऊन राहू का? तुला जमतंय ना?" जमतंय ना! बाईची नुसती लाही झालेली.

डॉक्टरनं खुर्ची ओढली नि विचारलं, घरी काही वेगळं जाणवलं का, काहीही, अगदी बारीकसं. प्रमोदिनीचं इंग्लिश शाळेच्या किचनपुरतं. पण त्या दिवशी तिला कुणालातरी सांगायचंच होतं. म्हणाली, "ही डझन्ट लेट मी टच हिज सिस्टर."

डॉक्टरचं पेन थांबलं. "हिज... सिस्टर?"

"येस! ऑल डे, हिज हँड ऑन सिस्टर. नाइट ऑल्सो. आय टच, ही शाउट!"

शेजारी नर्स औषधं मोजत होती, तिनं मोजायचं सोडलं. डॉक्टर आणि नर्स एकमेकींकडे बघायला लागल्या. डॉक्टरनं आवाज एकदम हळू केला, हे लोक अशा वेळी करतात ना तसा, नि विचारलं, ही बहीण तुमच्याच घरात राहते का? कुठं आहे ती आत्ता?

शशिधर बिचारा गादीवरून हात हलवतोय, "नो, नो, अगं गप्प बस, काय बोलतेस!"

"मी नाही गप्प बसणार!" प्रमोदिनी म्हणाली, आणि तिनं सरळ ब्लँकेट ओढलं. त्याच्या पोटाकडे बोट केलं, उजवीकडे खाली. "सिस्टर हिअर! नाइन इयर हिअर. नाऊ डेड. स्टिल नो टच!"

मग नर्स तोंडावर हात दाबून पाठमोरी झाली. डॉक्टर मात्र हसली नाही. ती उठली, हात चोळून गरम केले, नि म्हणाली, मिस्टर शशिधर, मला भेटू द्या तुमच्या बहिणीला. आणि दाबताना तिनं पोटाकडे बघितलंच नाही, त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"फाइन," शशिधर म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

डॉक्टरनं प्रमोदिनीला विचारलं, हात लावू देत नाहीत ते कधीपासून? प्रमोदिनी सांगायला लागली, आणि सांगता सांगताच तिच्या ध्यानात आलं. ताप आला तेव्हापासून. तेव्हापासूनच की.

मग एक मोठा स्कॅन केला. त्यात अंगात साखर सोडतात म्हणे, नि आत जिथं आग पेटली असेल तिथली जागा उजळते. सगळं अंग काळोखं, आणि उजवीकडे खाली ती सुकलेली ताई दिवा लावल्यासारखी. बाकी सगळं त्यांनी आधी शोधून संपवलं होतं, म्हणून खात्री झाली. जंतू नाहीत, टीबी नाही, ही किडनीच.

डॉक्टरनं तनयाला समोर बसवून सगळं समजावलं, आणि तनयानं आपल्या तोडक्यामोडक्या मराठीत आईला सांगितलं. "आई, ते गोळ्या कमी केला ना, म्हणून बाबाची बॉडीला कळला. की हा किडनी आपला नाहीये. बाहेरचा आहे. म्हणून ती त्याच्याशी भांडते. भांडण म्हणजे ताप."

"काय म्हणालीस? परत सांग."

"बॉडीनं ओळखला, हा आपला नाही. परका आहे."

आता उर्वी, हे मी तुला सांगते ते तिनं मला स्वतः, माझ्या स्वयंपाकघरात वाटाणे सोलता सोलता सांगितलंय. 'परका' हा शब्द कानावर पडला आणि तिच्या मनात लाडू फुटले. आपली नाही! कुणीतरी म्हणालं एकदाचं! आणि ते पण कुणी, तर त्याच्याच अंगानं. इतकी वर्षं सगळे म्हणत होते रक्ताचं नातं, रक्ताचं नातं. घ्या, रक्तानंच बाहेर हो म्हणून सांगितलं. आणि समोर गादीवर तो माणूस तापानं फणफणलेला, त्या भांडणात वाळून काडी झालेला. तिला स्वतःचीच किळस आली, आणि तरी लाडू काही विरघळेना.

काढायची ठरली. शशिधर म्हणाला, "ताईला विचारल्याशिवाय नाही."

"अहो, जीव तुमचा आहे!"

"किडनी तिची आहे. तू विचार. मला बोलवणार नाही तिच्याशी."

जीवाचं सुद्धा तिलाच विचारायचं! पण कॉरिडॉरमध्ये, नाणी टाकून चहा-चॉकलेट मिळतं त्या व्हेंडिंग मशीनजवळ उभं राहून तिनं फोन लावला. काय बोलायचं ते मनात घोटूनच ठेवलेलं. म्हणाली, "वन्सं, ताप कशाचा ते सापडलं. तुमच्या किडनीचाच आहे. ती काढून टाकायची म्हणतायत."

मुद्दामच 'तुमच्या' म्हणाली. आणि 'टाकायची' पण.

उल्का म्हणाली, "माझ्यामुळे ताप? माझ्यामुळे तो एवढा..." आणि तिला पुढं बोलता येईना. प्रमोदिनीला वाटलं होतं, हे ऐकून थंड वाटेल. वाटलं पण, उन्हातून आल्यावर पहिला घोट घेतो तेवढं. तेवढंच.

"तुमच्यामुळे नाही हो," ती म्हणाली. "ती दमली बिचारी. नऊ वर्षं राबली." ताईबद्दल तिच्या तोंडून निघालेला हा पहिला बरा शब्द.

"विचारायचं काय त्यात, काढायला सांग," उल्का नाक ओढत म्हणाली. "पण सापडलं कुणाला?"

प्रमोदिनीनं सांगितलं. सिस्टर, नो टच, नर्सचं तोंड, सगळं. उल्का रडता रडता हसायला लागली, इतकी की ठसका लागला. आणि मग म्हणाली, "खरं सांगू प्रमोदिनी? मला तुझा फार राग यायचा. माझ्या अंगातलं काढून दिलं मी, आणि राहायला गेलं तुझ्या घरी. मी फोनवर विचारायची, कशी आहे म्हणून. तुला रोज माहीत असायचं."

नाणी नव्हतीच प्रमोदिनीकडे, तरी मशीनची बटणं दाबत उभी राहिली.

ऑपरेशनच्या दिवशी उल्का ट्रेननं आली. आता तुला वाटेल गळ्यात गळे पडले. छे! उल्कानं येताना तिखट-मिठाच्या पुऱ्या आणल्या, तर ही म्हणाली, "मीठ चालत नाही त्यांना, विसरलात वाटतं." नर्सनं विचारलं, डोनर सिस्टर तुम्हीच का, नि उल्काचा हात हातात घेतला, तेव्हा हिनं खिडकीबाहेरच्या कबुतरांकडे बघितलं. सर्जन बाहेर आले, नीट झालं म्हणाले, चिकटून बसली होती, बरंच रक्त गेलं, पण निघाली. ती लॅबला जाते म्हणे तपासायला. उल्कानं विचारलं, "मला एकदा बघता येईल?" नाही म्हणाले. त्या वेळी मात्र प्रमोदिनीनं स्वतःच्या पिशवीतला रुमाल काढून तिला दिला.

पहिले दोन दिवस ताप होताच, जखमेचा. सगळ्यांची तोंडं उतरलेली. उल्का खुर्चीतच झोपायची, प्रमोदिनी दुसऱ्या खुर्चीत. घड्या एक बदलायची की दुसरी लगेच नवी भिजवायची, चढाओढ लागल्यासारखी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली. रोजची ताप चढायची वेळ. उल्का खाली कॅन्टीनमध्ये चहा आणायला गेली होती. नर्स आली, कानात ते यंत्र घातलं, टिंग वाजलं. "छत्तीस पॉइंट सात." म्हणजे आपला साधा अठ्ठ्याण्णव, ताप नाही.

"अगेन प्लीज," प्रमोदिनी म्हणाली.

नर्सनं दुसऱ्या कानात घातलं. तेवढंच. ती हसली नि पुढच्या गादीकडे गेली.

शशिधरनं डोळे उघडले. कपाळ कोरडं, थंड. कितीतरी दिवसांनी त्यानं बायकोकडे नीट बघितलं, आणि म्हणाला, "अगं, भूक लागली."

"काय खाल?"

"तुझे ते उकळून उकळून मेलेले बटाटे." आणि मग, "ताईला फोन कर ना. खालीच आहे ती, आनंद होईल तिला."

"करते हं," प्रमोदिनी म्हणाली. फोन मांडीवरच होता. तिनं तो उचलला, पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली, आणि खुर्ची ओढून त्याच्या उशाशी घेतली. चहाला या वेळी खाली मोठी रांग असते. असू दे, म्हणाली मनात. आज अजून थोडी मोठी असू दे.